तबकडी आणि तिच्यावरचें मत

गिरगांवांतील चाळींत ग्रामोफोन नवा होता तेव्हां तो एका बिऱ्हाडाचा असे. ऐकणारी मात्र सगळी चाळ असे. रविवारीं सकाळीं कोणीतरी पेटी दाराशीं आणून ठेवी, चावी भरी, सुई बदली, आणि गॅलरींत माणसें गोळा होत. तबकडी तीन मिनिटांत संपे. तिच्यावरची चर्चा जेवणाच्या वेळेपर्यंत चाले. बालगंधर्वांची अमुक जागा रंगभूमीवर अधिक चांगली उतरते, असें एकानें म्हणावें. त्यानें ती रंगभूमीवर कधीं ऐकली, असें दुसऱ्यानें विचारावें. आणि तिसऱ्यानें ‘पुन्हां लावा’ म्हणून दोघांनाहि गप्प बसवावें. गाण्यावरचा वाद ‘पुन्हां लावा’ म्हणून सोडवितां येतो, ही गोष्ट संगीताच्या इतिहासांत अगदीं नवी होती.

ध्वनिमुद्रणापूर्वीं गाण्याविषयींचें मत केवळ स्मरणावर उभें असे. मैफल संपली कीं गाणें संपलें. मागें राहावयाची ती ऐकणाऱ्यांची साक्ष. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. अल्लादिया खाँ १९४६ सालीं मुंबईंत वारले. दोघांच्याहि गायनाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. त्यांच्या थोरवीविषयीं शिष्यांनीं आणि रसिकांनीं जें सांगितलें त्यावर विश्वास ठेवतां येतो, पण तें पारखून पाहतां येत नाहीं. उलट अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं गेले, तरी झिंझोटींतील त्यांच्या ठुमरीवर आज शाळेंत जाणारा मुलगाहि मत देऊं शकतो, आणि तें मत उतावीळ असेल तर तीच ठुमरी पुन्हां लावून त्याला तें दाखवितां येतें.

याप्रमाणें मताला पुरावा मिळाला. पण पुराव्याबरोबर एक जबाबदारीहि आली. निकाल देण्यापूर्वीं पुरावा पाहिला पाहिजे. मुंबईच्या सुशिक्षित श्रोत्यानें ही जबाबदारी कोठें पाळली आणि कोठें टाळली, याचा विचार करण्यासारखा आहे. कारण ती टाळण्याची संवय अद्यापि गेलेली नाहीं.

न्याय करावयाचा तर समोरची वस्तु कोणती आहे तें आधीं ओळखलें पाहिजे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे गाइसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाण्याच्या शेवटीं ती आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. तबकड्या जर्मनींत तयार होत, आणि कोणती तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. त्या काळीं गायकास कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन मोठ्यानें गावें लागे. विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें तें १९२५ नंतर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणें मावे, बारा इंचीवर चार-साडेचार मिनिटें. तासभर राग मांडणाऱ्या गवयास ही अडचण वाटली तर त्यांत नवल नाहीं. ज्यांनीं ती अडचण मान्य करून तिच्यांतच घर बांधलें, त्यांच्या तबकड्या टिकल्या. करीम खाँसाहेबांच्या ठुमरींत घाई कोठें जाणवत नाहीं. स्वर लागतो, ठरतो, आणि तीन मिनिटें संपलीं याचें भान सुई घसरल्यावर येतें. अशा तबकडीला ‘मैफलीचा तुकडा’ म्हणणें अन्यायाचें आहे. ती मैफल नव्हेच. तीन मिनिटांच्या कागदावर लिहिलेलें तें पूर्ण पत्र आहे, आणि पत्राला ग्रंथाची लांबी नाहीं म्हणून कोणी दोष देत नाहीं.

परंतु हा विवेक नेहमीं राहिला नाहीं. तबकडीवर मत देतांना पुष्कळदां तबकडी बाजूस राही आणि ती कोण ऐकतो, कोण वाजवितो, यावरच मत होई. १९३२ सालीं जी. एन. जोशी या तरुण वकिलानें ना. घ. देशपांडे यांची एक कविता गाइली. ती तबकडी घरोघर गेली आणि भावगीत हा प्रकार मराठींत रुजला. तरी तें ‘हलकें’ ठरविण्यास कांहीं जाणकारांस चाल किंवा शब्द तपासण्याची गरज वाटली नाहीं. रागदारी नाहीं एवढें पुरेसें झालें. १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सुमारें तीस वर्षें राहिली. श्रुतींच्या दृष्टीनें पेटींत उणीव आहे हें खरें; पण ज्या पेटीच्या सुरावर अर्धें महाराष्ट्र गाणें शिकलें ती एका हुकुमानें बाहेर गेली. पुढें १९५२ सालीं नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांनीं चित्रपटगीतांस नभोवाणीवर जवळजवळ मज्जाव केला. त्यांचा हेतु अभिजात संगीताला श्रोते मिळवून देण्याचा होता, आणि त्या काळांत शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम खरोखरच वाढले. पण श्रोत्यानें काय केलें? त्यानें रेडिओची खुंटी फिरवून सिलोन लाविलें. अखेर १९५७ सालीं विविध भारती सुरू करावी लागली. हुकुमानें अभिरुचि घडत नाहीं, हा त्यांतला धडा सर्वांस ठाऊक आहे. दुसरा धडा क्वचितच कोणी काढतो. ज्या चित्रपटगीतांस एकगठ्ठा हलकें म्हटलें गेलें, त्यांतच त्या वर्षांतील कित्येक उत्तम चाली होत्या. प्रत्येक गीत वेगळें ऐकलें असतें तर हें ध्यानांत आलें असतें. पण मत गीतांवर नव्हतेंच, तें एका जातीवर होतें.

१९४८ सालीं अमेरिकेंत लांब चालणारी तबकडी निघाली. मिनिटास तेहतीस आणि एकतृतीयांश फेरे, एका बाजूस वीस-बावीस मिनिटें. ‘अल्बम’ हें नांव तिच्या आधींचें आहे. पूर्वीं एकाच रचनेच्या चार-सहा तबकड्या वहीसारख्या पुठ्ठ्यांत घालून विकीत. छायाचित्रांच्या वहीवरून तिला हें नांव पडलें, आणि वही गेली तरी नांव राहिलें. लांब तबकडीमुळें गवयाला श्वास घेण्यास जागा मिळाली. अमीर खाँसाहेबांचा मारवा याच तबकडीवर सावकाश उलगडला आणि ज्यांना मैफलीचें आमंत्रण कधीं आलें नसतें अशा दादर-परळच्या घरांत जाऊन पोहोंचला. पण त्याचबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. चाळीस मिनिटांची तबकडी म्हणजे अनेक गीतांची मोळी कीं एकच रचना?

या प्रश्नाचें एक उत्तर १९६७ सालीं मुंबईंत मिळालें आणि दुसरें त्याच वर्षीं लंडनमध्यें.

मुंबईचें उत्तर म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’. भावगीत गाणारे तेच जी. एन. जोशी आतां तबकड्यांच्या कंपनींत अधिकारी होते, आणि ही तबकडी त्यांच्या देखरेखीखालीं निघाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा एक दिवस, अशी कल्पना. पहाटे अहीरभैरव आणि नटभैरव, मग पिलू. तबकडी उलटली कीं सायंकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटीं पहाडी. तीन वाद्यांपैकीं दोन रागसंगीतांत पाहुणीं होतीं. १९५५ सालीं शिवकुमारांनीं मुंबईंत संतूर प्रथम वाजविलें तेव्हां जाणकारांचा आक्षेप होता कीं, काडीच्या आघातानें बोलणाऱ्या या वाद्यांत मींड नाहीं, स्वरांचा अखंडपणा नाहीं. आक्षेप निराधार नव्हता. पण तबकडी ऐकतांना त्याचें उत्तर सांपडतें. जेथें संतूर तुटतें तेथें बांसरी आणि गिटार सांधतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय रागांना वेळ असते हा जुना विचार दोन बाजूंच्या तबकडीला इतका नेमका बसला कीं, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा क्रम लावण्यास निराळी युक्ति करावी लागली नाहीं.

तिच्यांत उणीव नाहीं असें नाहीं. भूपासारखा राग सहा-सात मिनिटांत आपलें दार उघडतो आणि मिटतो. मेंढपाळाची कथा स्वरांपेक्षां वेष्टनावर अधिक आहे. आणि कांहीं ठिकाणीं माधुर्य इतकें सलग आहे कीं कान सुस्तावतो. तरीहि हें मत पुन्हां पुन्हां ऐकून झालेलें असलें पाहिजे. ‘तीन वाद्यांची खिचडी’ हें मत वेष्टन पाहूनहि देतां येतें.

लंडनचें उत्तर बीटल्स या वृंदाचें ‘सार्जंट पेपर’. एका काल्पनिक बँडचा कार्यक्रम, अशी त्याची चौकट. गाण्यांमधली नेहमींची शांतता बहुतेक ठिकाणीं काढून टाकलेली, म्हणून एक गीत दुसऱ्यांत शिरतें. चौकट आरंभीं आणि शेवटाकडे दिसते, मध्यें बरीच विसरली जाते. या बाबतींत मेंढपाळाची कथा आणि हा बँड सारखेच आहेत. दुसऱ्या बाजूच्या आरंभीं जॉर्ज हॅरिसन यांचें गीत दिलरुबा, तबला आणि तंबोरा घेऊन येतें. विलायती मुलांनीं आपलीं वाद्यें खेळण्यासारखीं हातांत घेतलीं, अशी तक्रार त्या वेळीं येथें ऐकूं येई. पण त्या गीतांत दिलरुबा शोभेपुरता नाहीं. चाल त्याच्याच अंगानें चालते, आणि तंबोऱ्याचा षड्ज आरंभापासून शेवटपर्यंत सुटत नाहीं. पुढें १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन मुंबईस आले आणि येथील ध्वनिमुद्रणगृहांत त्यांनीं ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. त्यांत शिवकुमारांचें संतूर आहे. ज्या शहरांत मेंढपाळाचा दिवस मुद्रित झाला त्याच शहरांत लंडनचा तो तरुण वादकांसमोर बसून शिकत होता, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक होती.

याच्या पुढचें पाऊल ब्रायन ईनो या इंग्रज रचनाकारानें टाकिलें. १९७५ सालीं अपघातामुळें तो अंथरुणास खिळला होता. कोणी वीणेसारख्या वाद्याची तबकडी लावून गेलें. आवाज फार बारीक राहिला आणि उठून तो वाढविण्याचें त्राण त्याला नव्हतें. बाहेर पाऊस पडत होता. पावसांतून अधूनमधून स्वर ऐकूं येत राहिले, आणि संगीत खोलींतल्या उजेडासारखेंहि असूं शकतें हें त्याला उमगलें. १९७८ सालीं त्यानें विमानतळासाठीं म्हणून एक तबकडी काढली आणि या प्रकाराला ‘अँबियंट’ हें नांव दिलें. लक्ष दिलें तर गुंतवून ठेवील, न दिलें तर रुसणार नाहीं, असें हें संगीत. ‘याला गाणें कोण म्हणेल?’ हा प्रश्न मराठी घरांत हमखास निघतो. पण देवळाच्या नगारखान्यांत पहाटे वाजणारी सनई कोण मांडी घालून ऐकतो? बायका पाणी भरतात, मुलें दांत घासतात, आणि सनई चालूच असते. ती ज्या दिवशीं वाजत नाहीं त्या दिवशीं मात्र सर्वांच्या ध्यानांत येतें. ईनोच्या संगीतांत सनईची रागाची शिस्त नाहीं आणि कांहीं वेळानें तें रिकामें वाटूं लागतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याचें कामच चुकीचें आहे, असें म्हणतां येणार नाहीं.

सनईला जी सवलत मिळते ती रॉकला मिळत नाहीं, कारण त्याचा पहिला गुन्हा म्हणजे आवाज. धोबीतलावच्या रंगभवनांत, १९८६ सालीं सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा पुढें अनेक वर्षें भरत असे. नंतर तो भाग शांतता-क्षेत्रांत गणला गेला आणि तेथील मैफली थांबल्या. गिरगांवचे रहिवासी त्या आवाजास कंटाळले असतील तर त्यांची तक्रार न्याय्य होती. परंतु ती आवाजाविषयींची तक्रार होती, संगीताविषयींचें मत नव्हतें. रॉक मशीन या मुंबईच्या वृंदानें १९८८ सालीं स्वतःच्या गीतांचा संग्रह काढला. पुढें त्यानें इंडस क्रीड हें नांव घेतलें. त्या पहिल्या संग्रहांत गिटारची तयारी चांगली आहे आणि सांचा बव्हंशीं परक्याचा आहे. दुसऱ्यांचीं गाणीं हुबेहूब वाजविण्यांत धन्यता मानण्याच्या काळांत स्वतःचें गाणें रचण्याचें धैर्य त्यांत होतें, हेंहि त्याच मतांत लिहिलें पाहिजे.

तिकडे लालबाग-परळांत त्याच सुमारास ध्वनिफितींचें राज्य आलें होतें. तबकडी महाग, फीत स्वस्त; गिरणगांवांतल्या खोलींत गाणें विकत घेऊन ठेवणें प्रथमच सर्वांस परवडूं लागलें. १९८२ च्या संपानंतर त्या वस्तीचें अन्न तुटलें, तरी गणेशोत्सवांत मंडपामंडपांतून प्रल्हाद शिंदे यांचा आवाज उठतच राहिला. सुशिक्षित घरांनीं या फितींची गणना गोंगाटांत केली. मंडपाचा कर्णा कर्कश होता हें खरें. पण तीच फीत बंद खोलींत, माफक आवाजांत ऐकून पाहिली तर एक मोकळा, पहाडी, सरळ छातींतून येणारा गळा ऐकूं येतो. शब्द स्वच्छ, ठेका पक्का, आणि भावनेचें प्रदर्शन मुळींच नाहीं. वाद्यमेळ सामान्य आहे, चाली एकमेकींस मिळत्या आहेत. हे दोष सांगावे आणि तो गळाहि सांगावा. जो कर्ण्यावर रागावून गळ्याचा निकाल देतो त्यानें रंगभवनाच्या शेजाऱ्याचीच चूक केलेली असते; फरक इतकाच कीं, येथें त्या चुकींत वस्तीविषयींचा तिटकारा मिसळलेला असतो आणि तो चटकन् दिसत नाहीं.

आज तबकडीहि नाहीं आणि फीतहि नाहीं. काळ्या घोड्याजवळचें ‘ऱ्हिदम हाउस’ १९४८ सालीं निघालें आणि २०१६ सालीं बंद झालें. तेथें घेण्यापूर्वीं ऐकून पाहण्यास लहान खोल्या असत, आणि बाहेर रांगेंत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांत मतांची देवघेव होई. आतां हवें तें गाणें खिशांत असतें आणि कानाशीं वाजतें. दादरच्या एका घरांत वडील पेपर वाचीत असतात, मुलगा कानाला यंत्र लावून बसलेला असतो. ‘काय ऐकतोस रे?’ ‘तुम्हांला नाहीं आवडणार, बाबा.’ वडील पुन्हां पेपरांत डोकें घालतात. येथें वाद झाला नाहीं, म्हणून घर शांत राहिलें. पण मुलाचें मत कोणीं तपासलें नाहीं आणि वडिलांचें मत बदलण्याची संधीहि गेली. गॅलरींतल्या त्या जुन्या वादांत पुष्कळ उथळपणा होता, तरी आपलें मत शेजाऱ्यासमोर टिकवावें लागे. तबकडी दोघांसमोर एकदम वाजत असे. मतभेद राहिला तरी तो एकाच गाण्याविषयींचा असे.

एका तबकडीची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें दूरच्या ग्रहांकडे पाठविलीं. प्रत्येकांत सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने आहेत. निवड करणाऱ्यांत मोठे मतभेद झाले. चक बेरी यांचें रॉक अँड रोल गीत घेण्यास लोकसंगीताचे अभ्यासक अॅलन लोमॅक्स यांचा विरोध होता. हें संगीत पोरवयाचें आहे, असा त्यांचा मुद्दा. पृथ्वीवर पोरवयाचीं माणसेंहि पुष्कळ आहेत, असें कार्ल सेगन यांनीं उत्तर दिलें, आणि गीत राहिलें. हिंदुस्थानी संगीताचा नमुना रॉबर्ट ब्राउन या अभ्यासकाच्या शिफारशीवरून घेण्यांत आला. तो होता गोव्याच्या केरी गांवीं जन्मलेल्या, मुंबईंत राहिलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवी. जुन्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांच्या आसपासची. त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ज्या गुरूचा आवाज कोणत्याहि तबकडीवर नाहीं, त्याची तालीम घेतलेला गळा अशा रीतीनें सूर्यमालेबाहेर गेला. यानें निघालीं त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई वारल्या.

बाख आणि बीथोव्हेन, चक बेरी आणि केसरबाई एकाच तबकडीवर आहेत. लोमॅक्स यांचा आक्षेप अभ्यासकाचा होता, आणि समितींतील इतरांनीं तो ऐकून घेतला. मग गाणें ऐकलें आणि ठरविलें. त्यांनीं जें केलें तें गिरगांवच्या गॅलरींत होत असे, आणि दादरच्या त्या घरांतहि आज सायंकाळीं होऊं शकेल. वडिलांनीं पेपर खालीं ठेवावा, मुलानें कानाचें यंत्र काढावें, गाणें दोघांसमोर लागावें आणि तें शेवटपर्यंत ऐकावें. त्यानंतर दोघांचें मत निराळें पडलें तरी हरकत नाहीं. तें पुन्हां लावतां येईल.